तिसरा प्रोग्राम काय म्हणाला

मशीन खोटं बोलत नाही, असं तेव्हा भंडाऱ्यात जो तो म्हणायचा. ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बोलत नाही कसं? आमचं बोलायचं. गोड बोलायचं, हात जोडून बोलायचं आणि धडधडीत खोटं बोलायचं. मला पक्कं ठाऊक होतं, कारण त्याला बोलायला मीच शिकवलं होतं.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. नागपूरला बी.एस्सी. केलं, वर कॉम्प्युटरचा एक कोर्स केला आणि भंडाऱ्याला एका खाजगी कॉम्प्युटर सेंटरात लागले. सेंटर म्हणजे दोन खोल्या. आतल्या खोलीत मशीन, बाहेरच्या खोलीत माणसं, आणि दाराशी चपलांचा ढीग. मशीनला धूळ चालत नाही म्हणून सगळ्यांनी अनवाणी आत यायचं. मशीनसाठी कूलर होता. आम्ही पुठ्ठ्यानं वारा घ्यायचो. सेंटरचे मालक, ज्यांना आम्ही साहेब म्हणायचो, ते मशीनला रोज सकाळी उदबत्ती ओवाळायचे आणि मग मीच ओरडायचे, की साहेब, धुरानं काय होतं ते माहीत आहे का!

आमच्याकडं तलावांच्या पाण्याच्या याद्यांचं काम आलं. भंडारा जिल्ह्यात गाव तिथं तलाव. पावसानं दगा दिला की धानाला त्याच तलावाचं पाणी. कोणाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, किती वेळ पाणी सोडायचं हे पाणकर ठरवायचा. तो गावचाच माणूस, त्याला प्रत्येकाचं तोंड ओळखीचं. पण त्या वर्षीपासून ठरलं, की शेतकऱ्यांनी अर्ज भरायचे, अर्ज मशीनमध्ये जायचे, मशीन यादी छापून देणार आणि पाणकरानं ती यादी वाचूनच पाणी सोडायचं. यादीत नाव नाही त्याच्या बांधीत पाणी नाही. ओळखपाळख बंद.

त्यासाठी मी तीन प्रोग्राम लिहिले होते. पहिला अर्ज घेणारा. दुसरा अर्ज तपासणारा. तिसरा शेतांच्या नोंदीत जाऊन शेताचा नंबर शोधणारा. पहिला दुसऱ्याला हाक मारायचा, दुसरा तिसऱ्याला. तिसऱ्याला काही अडलं की तो दुसऱ्याला सांगणार, दुसरा पहिल्याला, आणि पहिला पडद्यावर. आजकालची पोरंपोरी याला नेस्टेड एक्सेप्शन म्हणतात. एका चुकीच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी. अगदी आतला संदेश बाहेर कसा काढायचा याची सोयही आता भाषेतच तयार मिळते. आमच्याकडं तसलं काही नव्हतं. निरोपासाठी एक लहानशी जागा ठेवलेली, तिच्यात कोणी काय लिहायचं ते लिहिणाऱ्यानं ठरवायचं. म्हणजे मी.

मी काय लिहिलं ते सांगण्याआधी आमच्याकडची एक रीत सांगायला हवी.

सत्तरच्या दशकात मी करडीच्या, म्हणजे आमच्या गावच्या, शाळेत होते, तिसरीत असेन. एका सकाळी शेजारची काकू शाळेत आली, गुरुजींच्या कानाशी काही बोलली आणि मला म्हणाली, "चाल पोरी, घरी पाहुणे आले." मी विचारलं, "कोन पाहुणे?" ती म्हणाली, "चाल तं." घरी गेले तर पाहुणा ना पाहुणी. दारात बैलगाडी जुंपलेली. बाबा आईला सांगत होते, "तुह्या भावाची तब्येत जराशी नरम हाय. पाहून येऊ." मी म्हटलं, नरम आहे तर बैल एवढे कायले पळवून राहिले?  मोहाडी मागं पडल्यावर बाबा म्हणाले, "तब्येत जराशी जास्तच हाय." मी पुन्हा "काहून?" म्हटलं आणि एक चापट खाल्ली. मामाच्या गावच्या तलावाच्या पाळीवर पोचलो तेव्हा समोरून दोन माणसं आली. त्यांनी काही न बोलता बैलांची वेसण धरली. मग कुठं कळलं, की मामा पहाटेच गेले होते.

नंतर काकूला मी रागानं विचारलं, पहिल्यांदाच काहून नाही सांगितलं? ती म्हणाली, "बातमी अशी धाडकन अंगावर टाकत नसतेत वं. मानूस रस्त्यातच पडते."

आमच्याकडं सगळ्यांची हीच रीत. वाईट बातमी एक जण दुसऱ्याला देताना तिच्यावर एक पदर चढवणार, दुसरा तिसऱ्याला देताना आणखी एक. गंमत म्हणजे आईला "नरम" ऐकताक्षणीच कळलं होतं. हे तिनं मला फार वर्षांनी सांगितलं. "नरम" म्हणजे काय ते गावात ज्याला त्याला माहीत. गाडीतल्या आठ वर्षांच्या मुलीला तेवढं माहीत नव्हतं.

आता प्रोग्राम. मी ती मुलगी कधीच विसरले होते, आणि लिहिताना हात वळला तो गावच्या वळणानं. तिसऱ्या प्रोग्रामला कळायचं, की हे शेत अगोदरच दुसऱ्याच्या नावानं नोंदलेलं आहे. तो तसं नोंदीच्या नंबरासकट लिहायचा. दुसरा ते घ्यायचा, पुसायचा आणि त्या जागी लिहायचा, "तपासणी पूर्ण होऊ शकली नाही." पहिला तेही पुसायचा आणि पडद्यावर यायचं, "अर्ज सध्या घेता येत नाही. कृपया पुन्हा यावे." इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत. इतर सेंटरांची मशीनं इंग्रजीतून खेकसायची, आमचं "कृपया" म्हणायचं. साहेब तर खूश. आल्यागेल्याला पडदा दाखवायचे. मीही पदर खोचून मिरवत होते, खोटं कशाला बोलू!

पहिली चपराक बपेऱ्याच्या एका काकांनी दिली. बपेरा म्हणजे तुमसरच्याही पलीकडं, मध्य प्रदेशच्या शिवेला. तिथून दोन एस.टी. बदलून हा माणूस तीन दिवसांत तिसऱ्यांदा दारात उभा. हातात चपला, डोक्याला शेला.

मी म्हटलं, "काका, तुम्ही कालच येऊन गेले ना?"

"हो ना बाई. मशीन म्हनते पुन्हा यावे, मनून आलो."

"अहो, पुन्हा म्हणजे उद्याच्या उद्या नाही!"

"मंग कवा?"

 कवा, ते मशीनलाही माहीत नव्हतं आणि मलाही. चिडले मी त्यांच्यावर, म्हणजे खरं तर माझ्यावर, पण आवाज चढला तो त्यांच्यावर. ते बिचारे बाकावर बसून राहिले. तेवढ्यात साहेबांनी मला नागपूरला पाठवलं, मशीनचं काही सामान आणायचं होतं आणि नवीन काही शिकून यायचं होतं. दहा दिवस गेले. काकांचा प्रश्न तसाच राहिला.

नागपूरहून परत आले त्या मंगळवारी सेंटरच्या पायरीवर माझी आत्या बसली होती.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. लग्नाला दोन वर्षं झाली नाहीत तोच नवरा गेला, आणि ती करडीला परत आली. आजोबांनी तिला दोन बांध्या दिल्या, तलावाच्या पाटाच्या पार शेपटाला. तिनं त्यांच्या कडेला एक खोली बांधली, चूल वेगळी मांडली आणि पुढची पंधरा वर्षं कोणाकडं हात पसरला नाही. रोवणी तिची, कापणी तिची. आमच्या घरी सणाला जेवायला आली तरी स्वतःचं ताट स्वतः घासून ठेवायची. आई म्हणायची, तुह्या आत्याचं नाक पाहा, पाय वाकडा पडला तरी ते सरळच!

असली बाई सेंटरच्या पायरीवर बसलेली पाहून मी रस्त्यातूनच हाक मारली.

"आत्याबाई, काय झालं?"

"तुहं मशीन मले आत घेऊन नाही राहिलं." ती उठली. "दोनदा येऊन गेली मी. तू नव्हती. ते सेंटरातला पोट्टा म्हने, सध्या होत नाही, पुन्हा या. मी गेली, पुन्हा आली. पुन्हा तेच. धान निसवून राहिलं वं. जमीन फाटली. सनिवारी पानी सुटते, अन् यादीत मी नाही."

ज्याला धान माहीत नाही त्याला सांगते. निसवणं म्हणजे पोटरीतून लोंबी बाहेर पडणं. त्या आठवड्यात पाणी मिळालं नाही तर लोंबी येते, उभी राहते, दिसायला झकास, पण दाण्यात दूध भरत नाही. वर्षाचं धान पोचट. आत्याचं दुसरं काही नव्हतं. त्या दोन बांध्या म्हणजेच ती. आणि यादी शुक्रवारी निघणार होती.

मी तिला आत घेतलं. तिनं चपला काढून भिंतीशी जोडून ठेवल्या आणि मशीनकडं पाहून म्हणाली, "एवढुसं हाय?"

तिचा अर्ज मी स्वतः भरला. नाव, गाव, शेताचा नंबर. मशीन कुरकुरलं आणि पडद्यावर माझंच वाक्य आलं: अर्ज सध्या घेता येत नाही. कृपया पुन्हा यावे. कोणीतरी माझ्याच आवाजात मला वेडावून दाखवावं, तसं झालं.

"काय म्हन्ते?"

"पुन्हा या म्हणते."

"काहून?"

हाच तो प्रश्न. मी खुर्ची ओढून बसले. पहिल्या प्रोग्रामचं पोट उघडलं आणि त्याचं "कृपया" काढून टाकलं. त्याला सांगितलं, तुझं शहाणपण तुझ्याजवळ ठेव, खालच्यानं जे दिलं ते जसंच्या तसं दाखव. पुन्हा अर्ज भरला. पडद्यावर आलं: तपासणी पूर्ण होऊ शकली नाही.

"कोनाची तपासनी?"

"तुझ्या अर्जाची."

"अन् ते काहून नाही झाली?"

"थांब आत्या, तेच बघते." खरं सांगते, तेव्हा मला मजा यायला लागली होती. पाठीमागं बाई बसलीय, तिचं धान वाळतंय, हे सगळं मी विसरले. वाटायचं, हा दुसरा कोणाचं ऐकून असं म्हणतोय? त्याच्या पोटात कोण आहे? आणि त्याच्याही पोटात? जिथं आत कोणीच उरत नाही तिथवर जायचं. जाताना वरचे निरोप फेकून मात्र द्यायचे नाहीत, हेही त्या दुपारी कळलं. मी आधी चिडून ते पुसायला निघाले होते. पण वरचा सांगतो गाडी कुठं अडली आणि आतला सांगतो कशानं अडली, दोन्ही लागतात. मग मी पुसणंच बंद केलं. दुसऱ्यानं आपलं म्हणणं लिहायचं आणि त्याच्याखाली "कारण" असं लिहून तिसऱ्याचं म्हणणं चिकटवायचं. पहिल्यानंही तसंच.

तिसऱ्यांदा अर्ज भरला. पडदाभर ओळी आल्या. अर्ज घेता येत नाही. कारण, तपासणी पूर्ण झाली नाही. कारण, हे शेत अगोदरच दुसऱ्या नावाने नोंदले आहे. खाली नोंदीचा नंबर.

"सापडलं!" मी टाळीच वाजवली. आतल्या खोलीतून साहेब डोकावले.

तो नंबर घेऊन मी नोंद उघडली. गाव करडी. शेत तेच. आणि सातबाऱ्यावरच्या नावाच्या जागी माझ्या बाबांचं पूर्ण नाव, शेजारी त्यांच्याच पाण्याच्या अर्जाचा नंबर.

टाळी वाजवलेले हात मांडीवर ठेवून मी बसून राहिले.

आत्याला वाचता येत नव्हतं. ती माझ्या तोंडाकडं पाहत होती. "काय म्हन्ते वं?" आणि माझ्या जिभेवर काय आलं असेल? "आत्या, जरा अडचण आहे, तू उद्या ये." आलंच होतं अगदी. ओठांपर्यंत. उद्या ये, तोवर मी बाबांशी बोलते, गुपचूप काहीतरी जमवते, तुला कळायलाच नको. दोन मिनिटांपूर्वी त्या प्रोग्रामला शिव्या घालत होते आणि आता त्याच्याच जागी मी जाऊन बसले होते. लाज वाटली मला. अशी वाटली की कान गरम झाले.

मी म्हटलं, "आत्या, तुझ्या बांध्या कागदावर बाबांच्या नावानं आहेत. तुझ्या नावानं कधी झाल्याच नाहीत. बाबांनी त्या नंबराचा पाण्याचा अर्जही स्वतःच्या नावानं भरलाय. म्हणून मशीन तुला घेत नाही."

ती म्हणाली, "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"आनखी एकदा."

मी आणखी एकदा वाचलं, बाबांचं नाव पूर्ण घेऊन. तिनं मान हलवली. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "त्यानं मले सांगतलं होतं, केलं बाई तुह्या नावानं. पेढा आनला होता." मग चपला पायात घालताना विचारलं, "करडीची गाडी कितीले हाय?"

एस.टी.त ती खिडकीशी बसली. मी दोनदा काहीतरी सारवासारव करायला गेले, तर तिनं हातानं गप्प केलं. गावात उतरल्यावर घरी न जाता ती मला आधी बांधीवर घेऊन गेली. जमिनीला भेगा, बोट जाईल एवढ्या. धान अजून हिरवं होतं, पण शेपटाच्या कोपऱ्यात पानं गुंडाळून त्यांच्या सुया झाल्या होत्या. वरच्या बांध्यांत, म्हणजे बाबांच्या, अजून ओल होती.

बाबा छपरीत दोरी वळत बसले होते. आम्हां दोघींना एकत्र पाहून हसले. "आज का दोघी संगच?"

माझा स्वभाव असा, की मी पाणीही प्यायले नाही. "बाबा, आत्याच्या बांधीचा नंबर तुमच्या अर्जात काहून?"

"घाई होती. सगळे नंबर एकसाथ लिवून देल्ले."

"पण तो तुमच्या नावाखाली काहून?"

"सातबाऱ्यावर मावंच नाव हाय ना."

"सातबाऱ्यावर काहून? तुम्ही तर तिला केलं म्हणून सांगितलं होतं."

दोरी थांबली. "करनारच होतो. तलाठी बदलला."

"तलाठी बदलून पंधरा वर्षं झाली! मधात चार आले आणि चार गेले!"

"बापाले सवाल करून राहिली? हेच शिकली नागपुरात?" बाबांचा आवाज चढला. आई आतून दारात येऊन उभी राहिली. मग बाबांनी सूर बदलला आणि बहिणीकडं वळले. "बाई, यात का हाय एवढं? माह्या नावानं पानी येते ना? तुह्या बांधीत सोडतो. सनिवारी पहिलं तुलेच. पानी का नाव पाहून वाहते?"

मला वाटलं, मिटलं. धान वाचतं ना, मग झालं! मी आत्याकडं पाहिलं.

"पानी नाही पाहात," आत्या म्हणाली, "मी पाहातो. तुह्या नावाचं पानी माह्या बांधीत नको."

"धान मरन बाई!"

"मरू दे."

तिनं ते असं म्हटलं, की आईनं तोंडाला पदर लावला.  ही बाई खरंच मरू देईल, हे आम्हां तिघांनाही कळलं. वर्षभर काय खाणार, हे तिला आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं, आणि तरी ती तिथं उभी होती.

मी आता आवाज खाली आणला. "बाबा, तलाठ्याचं सोडा. काहून नाही केलं?"

"लोक म्हनत," ते जमिनीकडं पाहत म्हणाले, "बहिनीच्या नावानं करशीन, अन् उद्या ते दुसरं घर करून गेली तं शेत बी गेलं."

"कोण लोक?"

त्यांनी दोरी खाली ठेवली.

"लोक नाही," ते म्हणाले. "मीच. मले भेव वाटे."

त्या उत्तराच्या आत आता कोणी नव्हतं. मला कळलं, की इथं विचारायचं संपलं. मनातून बाबांची दयाही आली आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

आत्या म्हणाली, "अन् गेली असती तं? ते शेत बाबानं मले देल्लं होतं. तुले नाही." एवढं बोलून ती पाठ फिरवून आपल्या खोलीकडं चालू लागली. बाबा तिच्या मागं दोन पावलं गेले आणि थांबले.

बुधवारी सकाळी सेंटरच्या दाराशी बाबांच्या वहाणा होत्या. रात्रभर झोपले नसावेत. त्यांनी अर्जातून तो नंबर काढून घेतल्याचं लिहून दिलं, आणि शेत बहिणीच्या वहिवाटीचं आहे, तिच्या नावानं पाणी द्यावं, असंही लिहून दिलं. सही करताना मला म्हणाले, "नीट वाचून घे, मांगून म्हनशीन." साहेबांनी तो कागद घेऊन स्वतः पाटबंधाऱ्याची कचेरी गाठली. दुपारी त्यावर मंजुरीचा शिक्का पडून आला. मी आत्याचा अर्ज भरला. मशीन कुरकुरलं आणि गपचूप घेतलं. बाबा पडद्याकडं पाहून म्हणाले, "झालं? एवढंच?" मी म्हटलं, एवढंच होतं.

उरलेल्या दोन दिवसांत मी अडलेले सगळे अर्ज पुन्हा एकदा मशीनमधून काढले, प्रत्येकाच्या पोटातलं कारण कागदावर छापलं आणि गावोगाव पाठवलं. बपेऱ्याच्या काकांचं शेत दोघा भावांत अर्धं होतं आणि भावानं आधी अर्ज दिला होता. दोन ओळींत सांगता आलं असतं. साहेब कुरकुरले, की पडदा आता फार बडबडतो. मी म्हटलं, बडबडू द्या.

शनिवारी तलावाच्या पाळीवर पाणकरानं यादी वाचली. सगळं गाव जमलं होतं. पुरुष पुढं, बाया मागं. नावं वाचता वाचता त्यानं आत्याचं नाव घेतलं, नवऱ्याच्या नावासकट, अडखळत, कारण हे नाव त्यानं कधी मोठ्यानं वाचलेलं नव्हतं. कोणी ओ दिली नाही. त्यानं पुन्हा वाचलं. बाबा पुढच्या ओळीत होते, पण त्यांनी मागं वळून पाहिलं नाही, तिच्या वतीनं हातही वर केला नाही. मग मागून आत्याचा आवाज आला, "हावो, मी आली." गर्दीत बायांनी तिला वाट करून दिली. पाट शेपटापर्यंत पोचायला संध्याकाळ झाली. बांधीच्या कडेला, धुऱ्यावर बसून ती पाणी भेगांत शिरताना पाहत होती. भेगा पीत होत्या तसा बुडबुड आवाज येत होता.

त्याच हिवाळ्यात बाबांनी मोहाडीला तालुक्याच्या कचेरीत जाऊन बांध्या तिच्या नावानं करून दिल्या. कागद दाखवायला ते तिच्या खोलीवर गेले, आणि तिनं तो शेजारच्या शिकलेल्या सुनेकडून आधी वाचून घेतला, मग त्यांना पाणी दिलं.

कापणीला मी गेले होते. दोन्ही बांध्या पिवळ्या झाल्या होत्या. मी खूश होऊन म्हटलं, "वाचलं ना आत्या धान!" ती पुढं झाली. मला शेपटाच्या कोपऱ्यात घेऊन गेली. तिथंही लोंब्या होत्या, ताठ, सरळ. भरलेली लोंबी वाकते, ही वाकली नव्हती. तिनं एक लोंबी तळहातावर चोळली आणि फुंकर मारली. सगळं उडून गेलं. तळहात कोरा.

"एवढं गेलं," ती म्हणाली. "मी पहिल्यांदा आली तवा सांगतलं असतं तं हे बी राहिलं असतं. भावाची चूक भावाजवळ. हे तुहं हाय."

मला कोणी एवढं सरळ कधी बोललं नव्हतं. मी म्हटलं, "माझं चुकलं, आत्या."

"चुकलंच," ती म्हणाली, आणि कमरेचा विळा काढून माझ्या हातात दिला.